डिकीचा उजवा कोपरा

माझा मामा आमच्या घरी कधी बसला नाही. यायचा दर रविवारी, न चुकता, पण दारातल्या पायपुसण्याच्या पुढे त्याचं पाऊल पडायचं नाही. आई म्हणायची, "अरे आत ये, चहा टाकलाय." तो म्हणायचा, "नको ताई, बुटाच्या लेस सोडायचा कंटाळा आलाय." मग आई कप घेऊन दारात जायची आणि हा उभ्याउभ्या फुंकर मारत चहा प्यायचा. बाबा आतल्या खुर्चीत पेपर तोंडासमोर धरून बसलेले असायचे. पेपराआडून ते म्हणायचे, "आत ये रे." मामा म्हणायचा, "हो भावोजी, येतो ना." आणि रिकामा कप आईच्या हातात देऊन निघून जायचा. मी लहानाची मोठी झाले, माझे केस पिकायला लागले, तरी हे नाटक रविवारच्या रविवारी तसंच चालू होतं.

नुसता आला असता तर एकवेळ ठीक होतं. पण हा वर्षातून एकदा रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन यायचा आणि आमचं लोखंडी फाटक रंगवायला बसायचा. कुणी सांगितलेलं नाही, कुणी मागितलेलं नाही. त्या फाटकाला रंगाचे इतके हात बसले की कडी आणि बिजागऱ्या जाड होऊन ते लागेनासं झालं. कडी खाचेत जाईना. गल्लीतली कुत्री खुशाल आत येऊन आईच्या कुंड्या उकरायची. आई बाबांच्या मागे लागली, "तुम्ही रंगाऱ्यातले रंगारी, जरा खरवडून द्या की." बाबा म्हणाले, "राहू दे." रंगाच्या बाबतीत आयुष्यात कुणाचं एक अक्षर ऐकून न घेतलेला माणूस त्या सुजलेल्या फाटकाकडे बघून 'राहू दे' म्हणतो, म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं. मामी तर सरळ म्हणायची, "ह्यांना रविवारी पलंगाला बांधून ठेवलं, तर पलंगासकट तुमच्या दारात येऊन उभे राहतील."

मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. त्यामुळे माझा आवाज मोठा आहे आणि सहनशक्ती बेताची. या दोन म्हाताऱ्यांची गोष्ट सांगताना मध्येच माझं डोकं फिरलं तर समजून घ्या.

ती सुरू होते कारखान्यापासून. लढाई चालू होती तेव्हा तिथे लष्करासाठी पत्र्याच्या पेट्या, पाण्याचे डबे आणि शिरस्त्राणं बनायची. लढाई संपली आणि एका फटक्यात या सगळ्याला गिऱ्हाईक उरलं नाही. मालकाकडे पत्रा दाबायची अवजड यंत्रं होती, हात रिकामे झालेले कामगार होते आणि गोदामात लष्करी हिरव्या रंगाची पिंपं थप्पी लावून पडली होती. बाहेर रस्त्यांत खड्डे होते, पेट्रोल मोजून मिळत होतं, पण लोकांना मोटार हवी होती. इतकी वर्षं मन मारून काढल्यावर कुठेतरी जायचं होतं सगळ्यांना. मग मालकाने मोटार काढली. दिसायला ती चाकं लावलेल्या पेटीसारखीच होती, आणि पिंपं संपेपर्यंत निघालेली एकूण एक गाडी हिरवी होती. दुसरा रंग मिळेल का, असं कुणी विचारलं की विकणारा उलट विचारायचा, "साहेब, तुम्हाला गाडी हवीय ना?" लोक मुकाट्याने हिरवी घेऊन जायचे.

बाबा तेव्हाचे. आधी लोखंडी पलंग रंगवायचे, तिथून या कारखान्यात रंगाच्या बूथमध्ये लागले. आईशी लग्न झाल्यावर वर्षाच्या आत तिचा धाकटा भाऊ त्यांच्या हाताखाली आला. माझा मामा. तेव्हा त्याला ओठावर मिशीही धड फुटली नव्हती, पण तोंड सुटलेलं होतं. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "यात शिकायचं काय? फवाऱ्याची गन धरायची आणि दाबायचं." बाबांनी त्याला महिनाभर गनला हात लावू दिला नाही. नुसत्या पाण्याने भिंत भिजवायला लावली. एकसारखी भिजली पाहिजे, ओघळ आला की पुन्हा पहिल्यापासून.

बूथ म्हणजे एक लांबट खोली. वर जाळीतून हवा, खाली उडालेला रंग धरायला पाणी, मध्ये रुळावरून हळूहळू सरकणारी गाडीची बॉडी. नाकातोंडावर फडकं बांधायचं, तरी जेवताना पोळीला रंगाची चव यायची. एका बॉडीवर दोन माणसं. मामा उजव्या बाजूला, बाबा डावी बाजू करून मागे. पुढून मागे येत येत मामा टप, दारं, मागच्या चाकावरचा पंखा असं करत डिकीशी पोचायचा. तिथे भिंतीत एक हुक होता. कधीकाळी त्याला दिवा टांगलेला असायचा. दिवा गेला, हुक राहिला, आणि हवेचा पाइप नेमका त्यात अडकायचा. म्हणून त्या जागी आलं की कोपर वर उचलून हात झटकन काढून घ्यायचा, असं बाबांनीच त्याला शिकवलं. हात लवकर निघाल्यामुळे डिकीच्या उजव्या कोपऱ्यावर तळहाताएवढी जागा विरळ राहायची. तिथे मागे उभे असलेले बाबा आपला हात फिरवायचे. एकाने सोडायचं, दुसऱ्याने भरायचं. हुक काढून टाकावा, असं इतक्या वर्षांत कुणालाही वाटलं नाही. माणसं अशीच असतात, भिंतीतला हुक काढणार नाहीत, त्यापेक्षा जन्मभर कोपर उचलतील.

मामाचा हात पुढे असा काही बसला की त्याच्या बाजूला बोट फिरवलं तरी पत्रा आहे की काच, कळू नये. बूथमध्ये त्याला 'लोणी' म्हणायला लागले. बाबांना फार अभिमान होता. घरी जेवताना ते आईला सांगायचे, "तुझा भाऊ माझ्यापुढे गेला." आई म्हणायची, "तुम्हीच शिकवलंत ना." बाबा म्हणायचे, "हो, पण गेला."

ते दिवस कारखान्याच्याही भरभराटीचे होते. गाडीसाठी नाव नोंदवलं की वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. मुलाच्या जन्माच्या वेळी नोंदवलेली गाडी त्याला शाळेत सोडायला मिळाली, असं लोक कौतुकाने सांगायचे. गाडी ताब्यात घ्यायला अख्खं कुटुंब ठेवणीतले कपडे घालून कारखान्याच्या दाराशी यायचं. आपल्या गाड्या बोटीत बसून परदेशात जायला लागल्या. मामा आणि बाबा सुट्टीच्या दिवशी फिरायला निघाले की रस्त्याकडेला उभ्या प्रत्येक गाडीची डिकी बघायचे. आई वैतागायची. लोकांना वाटायचं, दोघे चोर आहेत.

मग वारं फिरलं. समुद्रापलीकडून लहान लहान गाड्या यायला लागल्या. त्या थंडीतही पहिल्या झटक्यात सुरू व्हायच्या आणि त्यांच्यात रेडिओ आधीपासून बसवलेला असायचा. आमच्या कारखान्याला वाटलं, आपल्याला कोण विचारत नाही? रांग तर लागलीच आहे. बघता बघता रांग ओसरली. सरकारने दोन-तीन आजारी कारखाने एकत्र बांधून एक मोठा आजारी कारखाना केला. साहेब बदलले, संप झाले, पुन्हा साहेब बदलले. शेवटी आलेल्या साहेबांनी ठरवलं की आता यंत्रं आणायची, आणि एक दिवस बूथमध्ये लाकडी खोक्यातून एक हात आला.

खरंच हात. खांदा, कोपर, मनगट आणि मनगटाच्या पुढे गन. त्याला स्वतःला काही येत नव्हतं. चांगल्या रंगाऱ्याने त्याच्या मुठीला धरून एकदा बॉडी रंगवायची, तो ते जसंच्या तसं लक्षात ठेवणार आणि मग जन्मभर तेच करणार. ना फडकं, ना जेवणाची सुट्टी.

बूथमधली माणसं काही दुधखुळी नव्हती. पाळी संपली की थिनरने हात धुवायला सगळे नळाशी जमायचे. तिथे ठरलं. साहेब ज्याला बोलावतील त्याने नाही म्हणायचं नाही. जायचं, मूठ धरायची आणि वाकडं मारायचं. कुठे ओघळ, कुठे कोरडं, कुठे संत्र्याच्या सालीसारखं खरबरीत. यंत्र तेच शिकेल, चार गाड्या नासतील आणि साहेब त्याला खोक्यात घालून परत पाठवतील. बाबा सगळ्यांत जुने. त्यांनी एकेकाचा ओला हात हातात घेऊन कबूल करून घेतलं. मामाचाही घेतला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मामालाच बोलावलं.

पुढे काय झालं ते मामाने मला सांगितलं, तेही निवृत्त झाल्यावर. जन्मभर गाड्या रंगवून त्याला गाडी चालवता येत नव्हती, तेव्हा मीच त्याला पकडून शिकवायला बसवलं. गाडी त्याच कारखान्याची, जुनी, माझी शिकवणीची. चालवताना माणसाला समोर बघावं लागतं, शेजारच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. म्हणून लोक माझ्याजवळ वाट्टेल ते बोलतात. मामा चौकातला दिवा लाल झाला म्हणून थांबला आणि एकदम म्हणाला, "मला मजा आली गं."

"कशात?"

"त्या दिवशी. मूठ धरली तेव्हा मनात पक्कं होतं. टपावरच ओघळ सोडायचा. गन जवळ न्यायला गेलो, तर मनगट ऐकेना. ते आपलं आपण मागे आलं. काचेपलीकडे सगळे साहेब. म्हटलं, टप राहू दे, दारावर बिघडवू. दार आलं, दार गेलं. हात असा चालला होता की काय सांगू. आयुष्यात इतकी चांगली बॉडी मी कधी मारली नव्हती. विसरलोच मी, कशासाठी उभा आहे ते."

"मामा, दिवा हिरवा झालाय."

"सगळ्यांच्या पोटावर पाय देत होतो आणि मला मजा येत होती," तो म्हणाला आणि गाडी बंद पाडली. मागचे भोंगे वाजवत होते. एरवी मी ओरडले असते. त्या दिवशी मीच हात लांब करून किल्ली फिरवली.

यंत्राने मारलेली पहिली बॉडी बाहेर आली तेव्हा सगळा बूथ बघायला उभा होता. कुणाला काही विचारावं लागलं नाही. बॉडीत तोंड दिसत होतं. बाबा जवळ गेले, दारावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "चांगलं मारलंयस." एवढंच. मामा म्हणतो, त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून 'लोणी' या नावाची चवच बिघडली. तोच शब्द, पण आता तो साहेबांना लावायच्या लोण्यासारखा ऐकू यायचा. मामा तेही निमूटपणे ऐकून घ्यायचा.

पुढे जे व्हायचं ते झालं. माणसं कमी करायला सुरुवात झाली, आणि घरी पाठवलेल्यांत पहिलं नाव बाबांचं. सगळ्यांत जुना, सगळ्यांना शिकवलेला माणूस आणि पहिला तोच, हे कुणाच्या डोक्यात बसेना. मामाच्या मात्र बसलं. यंत्रात गेला तो हात भावोजींनीच घडवलेला, तो मी देऊन टाकला, मग आता भावोजी कशाला हवेत? असा त्याचा हिशेब. त्याला स्वतःला कारखान्याने ठेवून घेतलं. नवं मॉडेल आलं की मूठ धरून यंत्राला शिकवायचं, एरवी त्याला तेलपाणी बघायचं. त्या कामाचा पहिला पगार घेऊन तो आमच्या दारात आला, पिशवीभर फळं घेऊन, आणि पायपुसण्यावर थांबला. तो जो थांबला तो थांबलाच.

बाबा पेट्रोलपंपामागच्या एका गॅरेजात लागले. पोचे काढलेल्या गाड्या रंगवायच्या. त्यांतल्या बऱ्याच आमच्याच कारखान्याच्या, म्हणजे यंत्राने रंगवलेल्या, म्हणजे मामाने. त्याच्या हातावर बाबा आपला हात द्यायचे, इतका जुळवून की जोड शोधून सापडू नये. शाळा सुटल्यावर मी तिथे जायची. एकदा बाबा एका डिकीपाशी उकिडवे बसून उजव्या कोपऱ्यावर अंगठा फिरवत होते. पत्र्यावर बारीक बारीक फोड आले होते, आत गंज धरला होता. मी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, "काही नाही. इथे कुणीतरी असायला हवं होतं."

मला तेव्हा काही कळलं नाही. मामाला मात्र तोवर कळून चुकलं होतं. शिकवण्याच्या दिवशी तो एकटा होता. यंत्रासाठी बांधलेल्या नव्या बूथमध्ये ना हुक होता, ना मागे बाबा. पण डिकीशी आल्यावर त्याचं कोपर वर गेलं आणि हात झटकन निघाला, वर्षानुवर्षं निघत होता तसा. कोपरा राहिला भावोजींसाठी. यंत्राने तेही लक्षात ठेवलं. दिसायला रंग एकसारखा, पण त्या जागी विरळ. काही पावसाळे गेले की आधी तिथेच गंज यायचा. एक गाडी नाही, दोन गाड्या नाहीत, त्या मॉडेलच्या सगळ्या. परदेशातून तक्रारी आल्या. साहेबांनी पत्र्याला दोष दिला, पत्रेवाल्याने हवेला. गाडीच्या नावाने विनोद निघाले, धुताना जपून धुवा, विरघळेल म्हणून.

मामा गप्प बसला. तोंड उघडलं असतं तर सांगावं लागलं असतं की हा कोपरा भावोजींचा होता, आणि त्यांना तुम्ही घरी घालवलंत. ते कोणत्या तोंडाने सांगणार? पुढच्या मॉडेलला त्याने ठरवून तो कोपरा भरला. पण नाव जायचं ते गेलं होतं. मरेपर्यंत त्याचं ठाम मत राहणार की एवढा मोठा कारखाना त्याच्या कोपराने बुडवला. मी त्याला शंभर वेळा सांगितलं, अरे बाबा, इंजिन वीस वर्षं बदललं नव्हतं, साहेब दर वर्षी बदलत होते, परक्या गाड्या निम्म्या पेट्रोलवर चालत होत्या, तुझं कोपर कुठे घेऊन बसलास? तो म्हणायचा, "ते सगळं खरं. पण कोपर माझंच होतं ना." मग मी कपाळाला हात लावायची.

आणि आमचे बाबा. पेपराआडून 'आत ये रे' म्हणणारे. मला त्यांचा राग यायचा तो असा. एवढा मोठेपणा आहे तर उठा, त्याला हाताला धरून आत आणा, म्हणा की झालं गेलं विसर. मी एकदा तोंडावर बोलले. "बाबा, किती दिवस शिक्षा देणार त्याला?" ते पेपर घडी करत म्हणाले, "मी कुठे देतोय?" आणि त्यांचा चेहरा असा झाला की मीच विषय बदलला.

शेवटी कारखाना बंद झाला. जागा विकली गेली. पाडायच्या आधी एका शनिवारी जुन्या कामगारांना बोलावणं आलं, एकदा येऊन बघून जा म्हणून. मामा जाणार नव्हता. बाबांनीच त्याला दारात गाठलं आणि म्हणाले, "जाऊ या. तूही चल." मामा इतका दचकला की चहा पायपुसण्यावर सांडला.

मीच दोघांना नेलं. बाबा पुढे बसले, मामा मागे. रस्ताभर दोघे आपापल्या खिडकीतून बाहेर बघत होते. मी उगीच रस्त्यातल्या खड्ड्यांवर बोलत राहिले.

रंगाचा विभाग जवळजवळ रिकामा झाला होता. भिंतींवर रंगाचे थर चढून चढून कोपरे गोल झाले होते. एका बाजूला साखळी लावून तो पहिला हात उभा होता आणि त्याच्यासमोर त्या जुन्या मॉडेलची नुसती बॉडी. नव्या पोरांना शिकवण्यासाठी ठेवला होता म्हणे. तिथली इंजिनीअर मुलगी हौशी होती. मामाला बघून म्हणाली, "काका, तुम्हीच ना ते? यात अजून तुमचाच हात आहे. रंग नाही, पण चालवून दाखवू?"

मामा नको म्हणायला गेला, तोवर बाबा म्हणाले, "दाखव."

तिने बटण दाबलं. हवा फुसफुसली आणि हात उचलला गेला. मी मामाला कधी रंगवताना पाहिलं नव्हतं, पण तो मामाच होता. टपावरून लांब, न घाईचा फेरा. दारापाशी मनगटाची हलकी कलाटणी. मागच्या पंख्याशी मामा गुडघ्यात वाकत असणार, कारण यंत्राला गुडघे नव्हते तरी ते तिथे जरासं बसलं आणि पुन्हा उठलं. माझ्या शेजारी उभा असलेला म्हातारा आता कमरेत वाकला होता आणि तिथे समोर त्याचा तरुण हात चालला होता.  मग डिकी आली. यंत्राचं कोपर वर उचललं गेलं आणि हात झटकन निघाला.

मुलगी हसली. "इथे हा असं का करतो, आम्हाला कुणालाच कळलं नाही."

बाबा काठी टेकत साखळीच्या कडेने दोन पावलं चालत गेले. बरोबर डिकीच्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी उजवा हात उचलला, बोटं गन धरल्यासारखी वळली, आणि त्या कोपऱ्यासमोर हवेतच त्यांचा हात एकदा फिरला. सावकाश, एकसारखा. इतकी वर्षं रिकामा राहिलेला तो कोपरा त्यांनी भरून टाकला. त्यांचा हात किंचितही थरथरला नाही.

मामाला ते सहन झालं नाही. "भावोजी," तो म्हणाला. "मला वाकडं मारता आलं नाही हो. हातात हात देऊन कबूल केलं होतं, पण नाही आलं. तुमची नोकरी मी घालवली."

बाबा त्याच्याकडे न बघता डिकीकडे बघत राहिले. "ते मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय?"

"तुला येणार नाही, हे माहीत होतं. आधीपासून." त्यांनी हात खाली घेतला. "साहेबाने आधी मला बोलावलं होतं. नळाशी आपलं ठरलं, त्याच्या आदल्या दिवशी. मी सांगितलं, माझा हात थरथरतो. मेहुण्याला घ्या, त्याचा हात लोण्यासारखा आहे."

मामा त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिला. "तुमचा हात कधी थरथरला?"

"कधीच नाही."

"मग?"

"मला वाकडं मारता आलं नसतं. उभा राहिलो असतो तर मीही चांगलंच मारलं असतं. आणि नंतर सगळ्यांना तोंड दाखवायची हिंमत नव्हती माझ्यात." बाबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "साहेबाने लक्षात ठेवलं. हात थरथरणारा रंगारी कोण ठेवणार? म्हणून पहिलं नाव माझं. त्यात तुझा काही संबंध नव्हता."

"आणि मग नळाशी माझा हात हातात घेतलात तो?"

बाबांनी साखळीवर हात ठेवला.

"दुसऱ्या दिवशी मला बोलावणार, हे माहीत असून घेतलात?"

"हो," बाबा म्हणाले.

मला वाटलं, आता मामा रडेल, किंवा गळ्यात पडेल, किंवा आपल्या स्वभावाप्रमाणे 'जाऊ द्या हो भावोजी' म्हणेल. त्याने यातलं काही केलं नाही. त्याचा चेहरा लालबुंद झाला. इतक्या वर्षांत मी त्याला कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं. रागावायचा हक्क आपल्याला आहे, असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. "दर रविवारी मी तुमच्या दारात उभा राहिलो," तो हळू आवाजात म्हणाला. "तुम्ही बघत होतात." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "चल गं, घरी चल." मुलीने यंत्र बंद केलं. तिला बिचारीला वाटलं, आपलंच काही चुकलं.

परतताना मामा पुढे बसला, माझ्या शेजारी. बाबा मागे. आरशात ते मला दिसत होते. ते एकदम लहान झाल्यासारखे वाटले. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांची कीवही येत होती, आणि दोन्ही एकदम आल्यावर माझ्यासारखी बोलकी बाईसुद्धा काही बोलू शकली नाही. खड्ड्यांवरही नाही.

आमचं फाटक नेहमीसारखं सताड उघडं होतं. मामा तरातरा पुढे गेला. पायपुसण्यापाशी थांबला, खाली वाकला आणि बुटाच्या लेस सोडायला लागला. गाठ घट्ट बसली होती, त्याची बोटं म्हातारी. वेळ लागला. मी मदतीला वाकले तर त्याने माझा हात बाजूला केला. मग बूट ओळीने भिंतीशी ठेवून तो मोज्यांनी आत गेला आणि थेट बाबांच्या खुर्चीत जाऊन बसला. खुर्चीवरचा पेपर त्याने उचलून खाली ठेवला.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली ती दारातच खिळली. भावाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काय झालं गं?" तिने विचारलं. मी नुसती मान हलवली. ती तशीच वळली. आत जाऊन चहा टाकला.

बाबा माझ्या मागून आले होते. पायपुसण्यावर आले आणि थांबले. काठी दाराच्या चौकटीला टेकवून ते तिथेच उभे राहिले, स्वतःच्या घराच्या दारात, आत आपल्या खुर्चीत बसलेल्या माणसाकडे बघत.

"अहो, आत या ना," आई म्हणाली.

"हो," बाबा म्हणाले. "येतो."

ते आले नाहीत. आईने चहा गाळला. एक कप मामाच्या हातात दिला आणि दुसरा घेऊन दारात गेली.